देठाकडची चकती

रस कडू होता.

हे तीन शब्द मी त्या सकाळी डॉक्टरांना सांगितले असते, तर पुढचा सव्वा दिवस कुणालाच अंधारात चाचपडावं लागलं नसतं. मी सांगितले नाहीत. विसरले म्हणून नाही. लाज वाटली म्हणून. आता बरी आहे, सकाळी चालायला जाते, ऑफिसला जाते, भाकरी पचते. म्हणून हे लिहायला बसले. दुधीचा रस पिणारी बरीच माणसं माझ्या ओळखीची आहेत आणि त्यातली निम्मी माझ्याच नादानं पिऊ लागलेली आहेत.

मी कोण

माझं नाव सुजाता. वय चव्वेचाळीस. माहेर उमेळ्याचं, खाडीकडच्या भाजीवाडीवाल्यांचं. घर विरार पूर्वेला, फुलपाड्यात, तिसऱ्या मजल्यावर. नवरा महेश, मुलगी तन्वी. ती दहावीला आहे. मी बी.एस्सी., रसायनशास्त्र घेऊन. आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजची पदवी घेतलेली पहिली मी. वसई स्टेशनाबाहेर टोपली घेऊन बसणाऱ्या माझ्या आईला, म्हणजे आयला, सही येत नाही. पण माझं पदवीचं सर्टिफिकेट फ्रेम करून तिच्या ओटीवर लावलेलं आहे. पाहुणा आला की आधी पाणी, मग सर्टिफिकेट. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण याच अभिमानानं मला आडवं केलं, हेही लपवणार नाही.

गोखिवऱ्याला रंगाचा एक कारखाना आहे. तिथल्या लॅबमध्ये मी अठरा वर्षं आहे. प्रत्येक खेपेचा नमुना माझ्याकडे येतो. मी तपासते, सही करते, मग डबे बाहेर जातात. नमुना न तपासता एकही डबा मी आजवर सोडलेला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सकाळचा रस

दीड वर्षापूर्वी ऑफिसच्या तपासणीत माझं बीपी थोडं वर निघालं. डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा, मीठ कमी करा, तीन महिन्यांनी बघू, गोळी लागली तर सुरू करू. गोळी हा शब्द ऐकून मी घाबरले. माझ्या वडिलांची गोळ्यांची पिशवी मी बघितली होती. मनाशी ठरवलं, गोळी घ्यायची नाही, जे करायचं ते नैसर्गिक.

आणि खरं सांगते, त्यातलं बरंच चांगलं झालं. सोसायटीतल्या आम्ही सहाजणी रोज पहाटे धरणाकडच्या रस्त्याला चालायला जायला लागलो. लोणचं, पापड, फरसाण बंद केलं. रात्रीचं जेवण आठच्या आत आणलं. श्वासाचे व्यायाम सुरू केले. चार किलो वजन उतरलं, झोप लागायला लागली. मग आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप झाला आणि मी त्यातली मास्तरीण झाले. कुणाला पित्त, कुणाचे गुडघे, सगळ्या मला विचारायच्या. सावंतबाई तर म्हणायच्या, "सुजाता सायन्सवाली आहे, ती वाचून सांगते." मी फुगायचे.

त्यातूनच आला दुधीचा रस. रोज सकाळी उपाशीपोटी एक मोठा ग्लास. पुदिना, तुळस, आवळा, लिंबू, काळं मीठ. दुधी मात्र आयच्या मांडवाचा. खत नाही, फवारणी नाही. दर रविवारी मी उमेळ्याला जायचे आणि ती दोन कोवळे दुधी पिशवीत घालायची. दर वेळी एकच वाक्य सांगायची.

"देठाकडची चकती चाखल्याबिगर चिरू नको, बाय."

आमच्याकडे ही रीतच आहे. दुधी, काकडी, पडवळ, शिराळं, काहीही चिरायचं तर आधी देठाकडची पातळ चकती काढायची, जिभेला लावायची. गोड लागली तर पुढची सुरी. लहानपणी ते काम माझं असायचं. बी.एस्सी. झाल्यावर मी ते सोडलं. आयला म्हणायचे, "आय, हजारात एखादा कडू निघतो. आणि निघाला तर निघाला, कारलं खातोच ना आपण?"

ती म्हणायची, "कारलं कारलं हाय. दुधी कडू झाला की दुधी नाय ऱ्हात."

मी हसायचे.

त्या सकाळी

सोमवार होता. साडेसहाला मी रस काढला. तन्वीची परीक्षा जवळ आली होती, म्हणून तिलाही अर्धा ग्लास दिला. तिनं घोट घेतला आणि तसाच बेसिनमध्ये थुंकला.

"मम्मी! केवढा कडू आहे हा! शी!"

"औषध आहे ते, सरबत नाही. प्यायचं नाक दाबून."

"तू पी ना मग."

मी माझा ग्लास उचलला. कडू होता. साधा नाही, जिभेच्या मुळापर्यंत, घसा आवळणारा. अठरा वर्षं नमुने तपासणारी बाई मी. वेगळा निघालेला नमुना बाजूला ठेवायचा, हे ट्रेनी मुलींना मी शिकवते. आणि माझ्या मनात काय आलं? आवळा जास्त पडला असेल. आणि कडू म्हणजे गुणकारी. मी आख्खा ग्लास संपवला. तन्वीचा उरलेला वाया का घालवायचा, म्हणून तोही प्यायले.

त्या मुलीनं माझं ऐकलं नाही, म्हणून आज मी हे लिहू शकते. ऐकलं असतं तर मी लिहायला शिल्लक राहिले असते की नाही, माहीत नाही. पण लिहिलं नसतं एवढं नक्की.

अर्ध्या तासात पोटात कळ आली. मग उलटी. मग थांबेचना. महेश ऑफिसला निघायच्या तयारीत होता, बूट घातलेल्या पायांनीच तो आत आला आणि मला धरून खाली घेऊन निघाला. जिना उतरताना मी दर मजल्यावर बसत होते.

नाही म्हणाले

हॉस्पिटलमध्ये एक तरुण डॉक्टरीण होत्या. शांत बाई. त्यांनी नीट सगळं विचारलं. काल काय खाल्लं? मी सांगितलं, रविवारी दुपारी ऑफिसातल्या शैलाकडे जेवायला होते, कोळंबी होती. आज सकाळी? दुधीचा रस, रोजचाच.

त्यांनी पेन थांबवलं.

"रस कडू लागला होता का?"

महेश शेजारी उभा होता. महिनाभर तो मला म्हणत होता, "तुझं हे हिरवं पाणी एक दिवस तुला नडणार." त्याचं तोंड मला दिसत होतं. ग्रुपवरच्या पाचजणी दिसल्या. ओटीवरची फ्रेम दिसली. सायन्सवाली बाई कडू रस घटाघटा प्यायली, हे मी कोणत्या तोंडानं सांगू?

"नाही," मी म्हणाले. "नेहमीसारखाच होता."

त्यांनी लिहून घेतलं. कोळंबीखाली रेघ मारली.

महेशनं बाहेर जाऊन शैलाला फोन केला आणि नको नको ते बोलला. बिचारी रडली म्हणे. तिच्या घरचे सगळे तीच कोळंबी खाऊन ठणठणीत होते, ती सांगत होती, हा ऐकत नव्हता.

सलाईनच्या बाटल्या

पहिले काही तास वॉर्डात होते. साधं अन्नातून झालेलं असेल, संध्याकाळपर्यंत उतार पडेल, असं सगळ्यांना वाटत होतं. दुपारी उलटीत रक्त आलं. ते बघितल्यावर मला पहिल्यांदा कळलं की हे अपचन नाही. मग धावपळ. बीपी इतकं खाली गेलं की सिस्टर दोनदा मशीन बदलून आल्या. ज्या बीपीला खाली आणायला मी दीड वर्ष धडपडत होते, ते आता वर यावं म्हणून सगळे धडपडत होते. मला तेवढ्यातही हसू आलं. महेशला वाटलं वात झाला.

आयसीयूमध्ये हलवलं. दुर्बीण घालून बघितलं, आत सगळीकडे सोलल्यासारखं झालं होतं, पण कशानं ते कळेना. पेनकिलर घेता का? कुठले काढे, भस्म? लिव्हरचा काही त्रास? महेश सगळ्याला नाही म्हणत होता. त्याला माहीतच नव्हतं.

मला माहीत होतं. तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी बोलायचं. मीही तेच म्हणते आता. पण एकदा नाही म्हटल्यावर ते 'नाही' दर तासाला जड होत जातं. आणि ताकद नव्हती. आणि मनात असंही होतं की रसानं कुणी एवढं आजारी पडतं का, नैसर्गिक तर आहे. धोत्र्याचं बोंडही नैसर्गिकच असतं, हे मला आता सुचतं.

तिथे एक सिस्टर होत्या, नायगावच्या. माझ्या हाताला शीर सापडत नव्हती तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, जरा मूठ आवळा, माझ्यावर रागावल्यासारखी." मी आवळली. सापडली. त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला, क्षणभरच. औषधांची नावं मी विसरले, तो हात विसरले नाही.

आय आली

आयला काही सांगायचं नाही असं महेशनं ठरवलं होतं. तन्वीलाही "मम्मीला अपचन झालंय" एवढंच सांगितलं. पण तन्वी दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत गेलीच नाही. तिनं उमेळ्याला फोन केला आणि आजीला सांगितलं, मम्मी आयसीयूमध्ये आहे, आणि काल रस कडू होता.

आय हॉस्पिटलला आली नाही. आधी फुलपाड्याला आली. चपला दारात काढल्या आणि सरळ फ्रिज उघडला. उरलेला अर्धा दुधी खालच्या कप्प्यात होता. तिनं सुरी घेतली, नखाएवढी चकती काढली, जिभेच्या टोकाला लावली आणि थुंकली. मग तीनदा चूळ भरली. तन्वी म्हणते, आजी दोन मिनिटं ओट्याला धरून उभी होती. मग दुधी फडक्यात गुंडाळला, पिशवीत टाकला आणि म्हणाली, "चल."

आयसीयूच्या दारात तिला कुणी आत सोडेना. वेळ संपली होती. ती म्हणाली, "डाक्टरला बोलवा. मी भेटायला नाय आली. दाखवायला आलीय."

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. आयनं फडकं सोडलं.

"हा कडू हाय. हा पिलीय ती."

"तुम्हाला कसं कळलं, आजी?"

"चाखला."

"तुम्ही चाखलात?" बाई दचकल्याच.

"टोकाला. थुकला. मला काय व्हत नाय. तुमी तिला इचारा."

आणि मग दोघी माझ्या खाटेशी आल्या. डॉक्टर एका बाजूला, आय दुसऱ्या. पायाशी महेश. आयनं माझ्याकडे बघितलं. मी चार वर्षांची असताना बघायची तसं.

"बाय, चकती चाखली व्हती का?"

मी मान हलवली. नाही.

डॉक्टर म्हणाल्या, "ताई, रस कडू होता?"

"हो."

"काल मी विचारलं होतं."

"लाज वाटली," मी म्हणाले.

मला वाटलं होतं कुणीतरी ओरडेल. कुणी ओरडलं नाही. बाईंनी एकच विचारलं, "घरात आणखी कोणी प्यायलं?"

तेव्हा माझ्या अंगातलं उरलंसुरलं रक्त गेलं. "मुलीनं एक घोट घेतला. थुंकला. उरलेला मी प्यायले."

तन्वीला तिथल्या तिथे तपासलं. काही नव्हतं. बाहेर ती आजीच्या पदराला धरून उभी होती आणि महेश भिंतीकडे तोंड करून. सव्वीस तास तो शैलाच्या कोळंबीला शिव्या देत होता.

कशाशी गाठ आहे ते कळल्यावर

कडू दुधीच्या विषावर उतारा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. पोट, रक्तदाब, किडन्या सांभाळत शरीराला ते निस्तरू द्यायचं. पण आता निदान कशाशी गाठ आहे ते त्यांना माहीत होतं. इकडेतिकडे शोधणं थांबलं. कशावर नजर ठेवायची ते ठरलं. असे पेशंट आधी बघितलेल्या मोठ्या डॉक्टरांना फोन गेला.

बुधवारी दुपारी बीपी स्वतःच्या पायावर उभं राहिलं. गुरुवारी नायगावच्या सिस्टरनी दोन चमचे पाणी पाजलं आणि म्हणाल्या, "काय, कडू लागतंय?" सगळी आयसीयू हसली. मीही हसले. पोट दुखेपर्यंत, खरोखरचं.

शुक्रवारी वॉर्डात आले. शैला भाताची पेज घेऊन आली. डबा टेबलावर आपटून म्हणाली, "माझ्या कोळंबीची अब्रू घालवलीत तुम्ही नवरा-बायकोनं. आधी माफी, मग पेज." महेशनं हात जोडले. तिनं पेज वाढली. आठवड्यातलं ते पहिलं अन्न. मऊ, कोमट, किंचित मिठाचं. पेजेला चव असते हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं.

उमेळ्याची वाडी

नवव्या दिवशी घरी आले. वाटलं, सुटलो. पण एक गोष्ट सुटली नव्हती.

मी हॉस्पिटलात असतानाच आयनं मांडवावरचे सगळे वेल उपटले होते. एकाच वेलावर कडू दुधी लागला असणार. तिनं तिन्ही काढले. शेजारच्या काकी सांगत होत्या, उपटताना ती एकटीच बडबडत होती, "पोरीला घरचं देते म्हनून देत व्हते."

महिन्यानं मी उमेळ्याला गेले. निघताना तिनं पिशवी दिली. आत बिस्किटांचा पुडा आणि बाजारातली सफरचंदं, स्टिकर लावलेली. माझ्या आयनं! आळू, शेवगा, केळी, काहीच नाही.

"आय, दोन केळी तरी घाल."

"बाजारातली घे. ती बरी."

"तुझी चूक नव्हती गं. तू सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही."

"वेल माझाच ना?"

याचं उत्तर बी.एस्सी.च्या पुस्तकात नव्हतं आणि ग्रुपवरही नव्हतं. तीन रविवार, चार रविवार, दर वेळी सफरचंद. ती वाडीत जायची, पाणी घालायची, पण टोपली भरेना. स्टेशनला बसणं बंद केलं. गिऱ्हाईकाला काय देऊ, म्हणायची. सर्टिफिकेटकडे बघतही नव्हती. मला वाचवणारी तीच, आणि शिक्षाही तीच भोगत होती.

ग्रुपवर

शेवटी मी एक काम केलं. ग्रुपवर सगळं लिहिलं. जसं झालं तसं. कडू लागला, तरी प्यायले, डॉक्टरांना खोटं बोलले. माझ्या आईची रीत होती, ती मी अडाणीपणा समजून सोडली. दुधी, काकडी, पडवळ, चिरण्याआधी चाखा, कडू लागलं की थुंका, चूळ भरा, अख्खं फेका. आवळा-लिंबू घालून चव झाकू नका. प्यायलात आणि उलटी झाली तर वाट बघू नका, आणि डॉक्टरांना आधी तेच सांगा.

सावंतबाईंनी लिहिलं, "बाई गं, मीही गेल्या महिन्यात एक कडू प्यायले असते, नवऱ्यानं ओतून टाकला." मग त्यांनी विचारलं, "तुझ्या आईला एकदा भेटायचंय."

आम्ही सहाजणी रविवारी उमेळ्याला गेलो. आय गोंधळली. पाणी आणलं, सर्टिफिकेट दाखवायचं विसरली. सावंतबाईंनी येताना नाक्यावरून काकड्या घेतल्या होत्या. त्या समोर ठेवून म्हणाल्या, "काकू, शिकवा."

आय हसली नाही. पण तिनं सुरी घेतली. देठ कुठलं, चकती किती पातळ, जिभेच्या कुठल्या भागाला लावायची, गिळायची नाही. सहा शिकल्यासवरल्या बाया ओटीवर मांडी घालून काकडी चाखत होत्या. एकीनं मोठा तुकडा तोंडात टाकला तर आय ओरडली, "ए! जेवायला बसलीस का?" तो ओरडा ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दोन महिन्यांत ती कुणावर ओरडली नव्हती.

आता

आता एक छोटी गोळी चालू आहे. चालणंही चालू आहे, आठच्या आतलं जेवण, श्वासाचे व्यायाम, गवती चहा. यात मला काही भांडण दिसत नाही. डॉक्टरांना सगळं सांगते, गवती चहासुद्धा. त्या डॉक्टरीणबाई म्हणतात, "ताई, एवढं नका सांगू." मी सांगतेच. रस मात्र सोडला. दुधीची भाजी करून खाते, तीही चाखून.

परवाच्या रविवारी उमेळ्याहून निघताना आयनं पिशवी हातात दिली. सफरचंदांपेक्षा जड लागली. बसमध्ये उघडली. कोवळा, फिकट हिरवा, लव असलेला दुधी. तिनं नवीन बी कधी लावलं ते मला कळूही दिलं नव्हतं. देठाजवळ सुरीनं पाडलेली छोटीशी खाच होती आणि त्यावर ओलं फडकं बांधलेलं. चाखून दिला होता.

घरी आल्यावर तन्वीनं सुरी घेतली. फडकं सोडलं. ती खाच बघितली आणि तिच्या शेजारी अजून एक पातळ चकती काढली.

"आजीनं चाखलाय की," महेश म्हणाला.

"मग? आपणही चाखायचा," ती म्हणाली आणि चकती जिभेला लावली.

आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत उभे.

"गोड आहे," ती म्हणाली.

मी आयला फोन लावला.